परदेशी निघालेल्या आजी-आजोबांना इंग्रजी शिकवतोय, पण चुकतंय माझंच

अंबानगरीचा_मास्तर

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी अंबाजोगाईचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर गेल्या आषाढापासून घराच्या माडीवर रोज संध्याकाळी पाच ते सहा एक वर्ग चालवतो. फी नाही, चहा आहे. विद्यार्थी अकरा, वय ६१ ते ८७. सगळ्यांची लेकरं बाहेर. सात जणांची अमेरिकेत, दोघांची कॅनडात, एकाची ऑस्ट्रेलियात, एकाची इंग्लंडात. आपल्याकडं पोरगं दहावीला चांगलं निघालं की लातूरला, लातूरहून पुण्याला, आणि पुण्याहून कुठं ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग एक दिवस फोन येतो, "आई, आता तुम्ही दोघं इकडंच या."

वर्ग काढायचं कारण माझीच फजिती. दोन वर्षांपूर्वी लेकीकडं ह्यूस्टनला गेलो होतो. सँडविचच्या दुकानात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फॉरिअरटगो?" मी म्हटलं, "पार्डन?" तिनं तेच पुन्हा, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा मी "येस" म्हणून मोकळा झालो. ती माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं, मागं ही रांग. शेवटी सात वर्षांची नात पुढं झाली आणि म्हणाली, "टु गो." इथं खाणार का बांधून नेणार, एवढंच विचारत होती हो ती! पॅसिव्ह व्हॉइस शिकवण्यात माझी हयात गेली. माझी ही गत, तर आमच्या केजच्या मावशींचं काय होत असेल?

पहिल्या दिवशी "व्हॉट इज युवर डेट ऑफ बर्थ" घेतलं. अकरांतले आठ जण "फर्स्ट जून". शहरातल्यांसाठी सांगतो, शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, कधीचा जन्म? आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी, त्या साली पाऊस लई होता. मास्तर १ जून टाकून मोकळे. त्यामुळं हा धडा पाच मिनिटांत संपला.

वर्गातले ८७ वर्षांचे काका अजून जन्मगाव "मोमिनाबाद" सांगतात. म्हणजे हेच अंबाजोगाई, निजामाच्या वेळचं नाव. या वयात नवी भाषा जड जात नाही का, असं मी विचारलं. म्हणाले, "शाळेत गेलो तर हातात उर्दूचा कायदा, म्हणजे अंकलिपी. ४८ ला पोलीस ॲक्शन झाली, मग मराठी. बापाच्या वह्या सगळ्या मोडीत. सरकार बदललं की पाटी बदलायची, त्यात काय एवढं." आता लेकाचं सरकार टोरांटोत आहे, म्हणून इंग्रजी.

तर अडचण अशी. केजच्या मावशी, वय ६८, सुनेच्या बाळंतपणासाठी डॅलसला जायच्यात. हुशार बाई. एके दिवशी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माय सन वर्क कॉम्प्युटर. ही नॉट कम होम फोर इयर." माझी जुनी खोड उफाळून आली. "वर्क्स! एस लावा. ही हॅज नॉट कम." फळ्यावर लिहिलं, तीनदा म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मावशी बंद. घरी गेलो तर म्हणाल्या, "सर, जे येऊलालतं ते बी इसरलं तुम्ही टोकल्यामुळं."

घरी येताना ध्यानात आलं, त्यांनी सांगितलेलं मी ऐकलंच नव्हतं. चार वर्षं पोरगा घरी आला नाही, असं ती बाई भर वर्गात सांगत होती आणि मी एस लावत बसलो होतो.

म्हाताऱ्या माणसांना शिकवायचं कसं? कुणी केलंय का हे काम?

निलंगाराईस

मास्तर, शेवटचं वाचून पोटात कालवलं.

डॅलसकर

सर, मी मूळचा परळीचा, म्हणजे तुमचा शेजारीच. इथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात सहा वर्षं दर शनिवारी हेच काम करतो. विद्यार्थी बहुतेक साठीच्या पुढचे. व्हिएतनामी, मेक्सिकन, चिनी, तेलुगू, गुजराती, अधूनमधून आपल्यातलं एखादं जोडपं. शिक्षकाचं कसलंही शिक्षण नव्हतं मला, चार शनिवार एका जुन्या स्वयंसेवक बाईंच्या मागं बसून शिकलो. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

टोकणं. चूक दाखवायची नाही, बरोबर वाक्य आपल्या बोलण्यातून परत द्यायचं. आजोबा म्हणाले, "आय गो यस्टरडे टेंपल," की आपण म्हणायचं, "ओ, यू वेंट टु द टेंपल? हू वेंट विथ यू?" बोलणं पुढं चालू राहतं आणि "वेंट" कानावरून जातं. आज धरत नाहीत, उद्या धरत नाहीत, तीन आठवड्यांनी आपोआप तोंडातून येतं. कुणाच्या येतही नाही. चालतं.

दुसरं, सुरुवातीला त्यांना बोलायलाच लावू नका. जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात एक पद्धत काढली. शिक्षकानं "स्टँड अप, ओपन द डोअर, गिव्ह मी द कप" म्हणायचं आणि विद्यार्थ्यानं नुसतं करायचं. तोंड उघडायचं नाही, म्हणून लाज नाही. आमच्या व्हिएतनामी आजी हसून हसून लोळतात. एकच दक्षता घ्या, गुडघ्यांकडं बघून हुकूम सोडा. "सिट डाउन, स्टँड अप" दहादा केलं तर वर्ग दवाखान्यात.

तिसरं, उत्तरं पाठ करून घेऊ नका. मला खात्री आहे, "हाऊ लाँग विल यू स्टे? सिक्स मंथ्स" तुम्ही घोकून घेतलं असणार. विमानतळावरचा अधिकारी विचारतो, "व्हेन आर यू गोइंग बॅक?" आणि काकू ठसक्यात सांगतात, "सिक्स मंथ्स!" त्यापेक्षा "स्लोली प्लीज", "से अगेन" आणि "मराठी इंटरप्रिटर प्लीज" ही तीन अस्त्रं द्या. तीही घोकून नाही, वापरून. तुम्ही मुद्दाम भराभर बोला आणि जोवर ते "स्लोली" म्हणत नाहीत तोवर थांबू नका.

आणि सर, तुमच्या त्या १ जूनवाल्यांना माझ्यातर्फे एक इशारा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०१/०६ लिहिलं की इथं तो ६ जानेवारी. दवाखान्याच्या फॉर्मवर एक, पासपोर्टवर दुसरं असं झालं की फोनवर जन्मतारीख जुळत नाही आणि समोरची बाई काही सांगायला तयार होत नाही. आमच्या एका काकांचा एक्स-रेचा निकाल यापायी आठवडाभर अडकला. तुमचा पाच मिनिटांत संपलेला धडा परत काढा.

खवचट_नांदेडी

सगळं छान चाललंय, पण मूळ प्रश्न कुणी विचारणार आहे का? ८७ वर्षांच्या माणसानं इंग्रजी शिकायचं, कारण सात वर्षांच्या नातवाला मराठी शिकवायचा त्याच्या आईबापांनी कंटाळा केला. शिकायचं वय कुणाचं? आमच्या नांदेडला गुरुद्वाऱ्यापायी देशोदेशीचे पंजाबी येतात. कॅनडात जन्मलेली पोरं आजीशी घडाघडा पंजाबीत बोलताना मी डोळ्यानं बघितलीत. आपल्याच लोकांना काय धाड भरली?

डॅलसकर

नांदेडी, पोरांनाही शिकवतो हो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, माझी मुलगी तिथं जाते. पण आजीनं विमानातून उतरल्यावर पहिल्या आठवड्यात करायचं काय? नातवाचं बाराखडीचं पुस्तक संपेपर्यंत खोलीत बसायचं?

खवचट_नांदेडी

बसू नये. माझं म्हणणं एवढंच की मास्तरांनी अर्धा तास त्या लेकरांना फोनवर मराठीही शिकवावी. ३१ वर्षांचा अनुभव आहे, वाया कशाला घालवायचा.

निलंगाराईस

माझी आई दोनदा जाऊन आली, न्यू जर्सीला भावाकडं. पहिल्यांदा नोव्हेंबरात गेली. सकाळी नातू म्हणाला, "आजी, इट्स फॉर्टी टुडे." आईनं हिशेब केला, चाळीस म्हणजे आपला एप्रिल. सुती पातळ नेसून बिनस्वेटरची फिरायला निघाली. तिथलं चाळीस फॅरनहाइट म्हणजे आपलं साडेचार! कोपऱ्यापर्यंत गेली आणि दात वाजवत परत. लातूरचं ऊन अंगावर घेतलेली बाई, तिला कोण सांगणार.

मास्तर, "जेवण झालं का", "कसं काय" हे शिकवू नका, तिथं त्याचा उपयोग नाही. थंडी, पाऊस, कुत्रं, बाळ यांच्यावर बोलायला शिकवा. आई सांगते, तिकडं रस्त्यात अनोळखी माणूसही हसतो आणि काहीतरी बोलतो, नव्वद टक्के वेळा हवेवर. ती फक्त "येस, व्हेरी कोल्ड" म्हणायला शिकली. उन्हाळ्यातही तेच म्हणाली एकदा. पण त्यातून शेजारची इटालियन म्हातारी मैत्रीण झाली. दोघी ओसरीवर बसायच्या, ती तिच्या इंग्रजीत, आई हिच्या. काय बोलायच्या देव जाणे. आईनं तिला शेंगदाण्याची चटणी दिली, तिनं टोमॅटो दिले. दुसऱ्यांदा आई गेली तेव्हा नातवंडांच्या आधी तिलाच भेटली. भावाला राग आला होता जरा.

दौलताबादी

माझ्या वडिलांना आम्ही संभाजीनगरात एका क्लासला घातलं होतं, नाव घेत नाही. आठ हजार रुपये. वर्गात सगळी विशीतली पोरं आणि हे ७० वर्षांचे. पहिला पाठ "व्हॉट इज युवर एम इन लाइफ". वडील घरी येऊन म्हणाले, "एम काय सांगू, नैसर्गिक मरण?" तीन दिवसांत बंद केलं, पैसे परत मिळाले नाहीत.

मास्तर, तुमचा वर्ग ऑनलाइन होतो का?

गोदातीर

मी पैठणची, परिचारिका, सध्या इंग्लंडात एका रुग्णालयात. आजी-आजोबांची मुख्य भाषा दवाखान्यात लागते, म्हणून माझे दोन पैसे.

आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी. आपल्याच लोकांचा नाही, सगळ्यांचाच घोटाळा होतो. गोळीचं प्रमाण ऐकलं की "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" असं विचारायला शिकवा. मी स्वतः सहकाऱ्यांना विचारते, कमीपणा नाही त्यात.

आडनाव. "लास्ट नेम?" विचारलं की आपल्या आजी विचारात पडतात, कारण कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग नवऱ्याचं. त्यांच्या हिशेबानं शेवटचं नाव म्हणजे नवऱ्याचं. ते घ्यायचं नाही म्हणून गप्प बसलेल्या एक काकू मी पाहिल्यात. "फॅमिली नेम" हाही शब्द शिकवा.

दुखणं. ठणकतंय, सलतंय, ठसठसतंय, कळ येते, चमक निघते, भगभगतंय, आंबलंय. मराठीत दुखण्याचं केवढं भांडार, आणि इंग्रजीत आजी एकच सांगते, "पेन". डॉक्टरला कळ आणि ठणका यातला फरक हवा असतो. "शार्प", "डल", "बर्निंग", "थ्रॉबिंग" हे चार दिले तरी बरंच भागतं. शिवाय एक ते दहामध्ये किती दुखतं हे विचारतातच. आपली माणसं "थोडं थोडं" म्हणतात आणि मोडलेल्या मनगटाला तीन सांगतात.

आणि हक्काची गोष्ट. इथं सरकारी दवाखान्यात दुभाषी मागता येतो, पैसे पडत नाहीत. लेकाला दुभाषी करू नका. आईला लघवीचा त्रास असेल तर ती लेकासमोर बोलत नाही, आणि लेक तिच्या वतीनं "शी इज फाइन" सांगून मोकळा होतो.

तुरीची_शेंग

एक विचारायचं होतं. आईचं ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना, झालंय, वय ६६. भाऊ म्हणतो, नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत असते, आत्तापासून तयारी कर. तिनं भीतीनं जेवण सोडायचं बाकी ठेवलंय.

डॅलसकर

आईंना जेवायला सांगा. साधारण पाच वर्षं ग्रीन कार्डावर काढल्याशिवाय अर्जच करता येत नाही. परीक्षेत इंग्रजी वाचायला तीन वाक्यं देतात, एक नीट वाचलं की झालं. लिहायचंही तसंच, तिनांतलं एक. बोलण्याची परीक्षा वेगळी नसते, मुलाखतीतल्या गप्पांतूनच ती होते. बाकी इतिहास आणि राज्यकारभाराचे प्रश्न तोंडी. २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यायला हवेत.

वयाची सवलत आहे, पण लोक ऐकतात तेवढी सरळ नाही. वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजी माफ, प्रश्न आपल्या भाषेत दुभाष्यामार्फत. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर फक्त २० प्रश्नांची वेगळी यादी. म्हणजे तुमच्या आईंना नुसत्या वयावर सवलत नाही. स्मरणशक्तीचा वगैरे आजार असेल तर डॉक्टरनं भरायचा एन-६४८ नावाचा फॉर्म असतो.

कॅनडात ५५ च्या पुढं भाषेची आणि माहितीची, दोन्ही परीक्षा नाहीत. इंग्लंडात ६५ च्या पुढं नाहीत. मोमिनाबादच्या काकांना सांगा, त्यांच्यावर कसलीही सक्ती नाही.

अंबानगरीचा_मास्तर

काल काकांना सांगितलं. म्हणाले, "परीक्षा नाही म्हणजे शाळा नाही असं कुठंय?" आणि चहा घेऊन पहिल्या बाकावर.

मंडळी, आठवडाभरात काय केलं ते सांगतो. फळा खाली उतरवला. डॅलसकरांच्या सांगण्यावरून हुकुमाचा खेळ सुरू केला. "गिव्ह द कप टु काका." कप फिरत फिरत एकदा गॅलरीतून खाली. दुसऱ्या दिवशी स्टीलचा आणला.

तारखांचा धडा परत घेतला. ०६/०१. आठ जणांना मी म्हणालो, तिकडं हा जून. एक काकू म्हणाल्या, "तारीख खरी नाहीच, मग महिना कुठला का असंना." बरोबरच आहे त्यांचं. पण कागद जुळला पाहिजे, एवढं पटवलं.

हवेचं प्रकरण मात्र अपेक्षेबाहेर गेलं. "रेन" म्हटलं आणि सगळे सुटले. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, ते एकाला इंग्रजीत सांगायचं होतं. "वॉटर कम इन ट्रेन." मी जीभ चावली आणि म्हणालो, "द वॉटर केम बाय ट्रेन? हाऊ मेनी वॅगन्स?" झालं, वॅगन किती यावर मराठीत भांडण. वीस मिनिटं गेली. पण नातवाला सांगायला हीच गोष्ट हवी म्हणून त्यांनी ती वहीत लिहून घेतली. अक्षरं देवनागरी, भाषा इंग्रजी. मी हरकत घेतली नाही. शाळेत असतो तर घेतली असती.

नांदेडीचंही ऐकलं. तिघांच्या नातवंडांना रविवारी सकाळी फोनवर बसवतो, तिकडं शनिवारची रात्र असते. त्यांनी आजीला एक इंग्रजी वाक्य द्यायचं, आजीनं एक मराठी. पहिल्या रविवारी पोरगं म्हणालं, "आजी, कॅन आय हॅव अ रेज इन माय अलाउन्स?" आजीला कळलं नाही, मलाही आधी कळलं नाही. खर्चायचे पैसे वाढवून मागत होतं.

दौलताबादी, ऑनलाइन नाही जमत हो. संध्याकाळी पाच ते सहा आमच्याकडं वीज असेलच असं नाही, आणि अर्ध्यांना ऐकू कमी येतं. वडिलांना घेऊन या एकदा, अंबाजोगाई लांब नाही.

निलंगाराईस

केजच्या मावशींचं काय झालं?

अंबानगरीचा_मास्तर

सांगायचं राहिलंच. पुन्हा घरी गेलो. शिकवायला नाही, विचारायला. म्हटलं, मावशी, लेकाचं सांगत होता ते पुरतं सांगा. तासभर सांगितलं, मराठीत. मी ऐकलं. उठताना म्हणाल्या, "हे सुनंच्या आईला सांगायचं असंल तर?" सून तिकडचीच, तिच्या आईला इंग्रजीच कळतं. मग चार ओळी बसवल्या, त्यांना हव्या तशा. "ही नॉट कम होम फोर इयर" हे त्यांनी तसंच ठेवायला लावलं. मी एस लावला नाही.

परवापासून वर्गात येतात. डिंकाचे लाडू न्यायचेत, तर "एनी फूड?" विचारलं की छातीठोक "येस" म्हणायचं आणि डबा उघडून दाखवायचा, एवढं पक्कं झालंय. लपवायचं नाही, कस्टमवाल्यांना सगळं दाखवायचं.

काल गोदातीर ताईंचा दुखण्याचा धडा घेतला. मावशींचे दोन्ही गुडघे गेलेत. मी विचारलं, "हाऊ मच पेन? वन टु टेन?"

त्या म्हणाल्या, "सेव्हन." मग इकडंतिकडं बघून हळूच, "पण सूनबाई शेजारी असली तर फाइव्ह म्हणलं तर चालतंय का, सर?"